मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून वाळतात

प्रश्न : आम्ही शीळफाट्याला राहतो. गॅलरीतल्या मोगऱ्याला भरपूर कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच जांभळट होऊन वाळतात. काहींना छिद्रं आणि जाळीही दिसते. काय करावं?

उत्तर : छिद्रं आणि जाळी ही कळी पोखरणाऱ्या अळीची खूण आहे. हेंडेकॅसिस डुप्लिफॅसिआलिस या लहानशा पांढऱ्या पतंगाची ही हिरवट, काळ्या डोक्याची अळी. ती कळीत शिरून आतल्या पाकळ्या खाते आणि शेजारच्या कळ्या रेशमी धाग्यांनी एकत्र बांधते.

रोज सकाळी झाड न्याहाळा. किडलेल्या कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा; कुंडीत टाकू नका. अळी मातीत कोषात जाते, म्हणून वरची माती मुळं न दुखावता हलवत राहा. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण घालून फवारा. पहिल्यांदा दोन-चार पानांवर फवारून पाहा. बहर संपल्यावर छाटणी करा.

मोगरा आपण केसांत माळतो, देवाला वाहतो. तेव्हा घरच्या झाडावर विषारी कीटकनाशक कृपया मारू नका.