माळवदाचं घर थंड का असायचं?

मे महिन्यात आपल्या लातूर-नांदेडकडे दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पण आजीला विचारा, माळवदाच्या घरात पंखा नसतानाही झोप लागायची. असं का?

दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरचं ऊन त्यातून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. वर लाकडांवर मातीचा जाड थर, त्याचंही तेच. पातळ पत्रा मात्र लगेच तापतो. जर्मनीत डार्मस्टाटला 1991 मध्ये पहिलं ‘पॅसिव्ह हाऊस’ झालं. तिथे आतली ऊब टिकवायची म्हणून उष्णता अडवणारे थर दिले, फटी बुजवल्या.

मग माळवदं का गेली? 30 सप्टेंबर 1993, पहाटे किल्लारीचा भूकंप. गळू नये म्हणून माती टाकून टाकून छतं जड झालेली. भिंतीत गोलसर दगड चिखलात रचलेले, आतला-बाहेरचा थर सांधणारे लांब दगड नाहीत. झोपेतच हजारो माणसं गेली. थंडावा देणारं वजनच अंगावर आलं.

म्हणून आता गारवा हवा, पण जड छत नको. भिंतीला काँक्रीटचे पट्टे, गच्चीवर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेला कडुनिंब, रात्री खिडक्या उघड्या.

उपक्रम: दुपारी दोन वाजता पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोलीतलं तापमान आठवडाभर वहीत लिहा. रात्री आठलाही मोजा, स्लॅबचा आकडा नीट बघा.