अध्यक्षांचे आसन आणि एकट्या सदस्याचा आवाज

दादरा व नगर हवेली या प्रदेशास स्वतःची विधानसभा नाही. १९५४ साली पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाल्यावर वरिष्ठ पंचायतीने येथील लोकमत मांडले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत् समाविष्ट झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह येथे एकच केंद्रशासित प्रदेश आहे. तथापि विधिमंडळ त्यानंतरही स्थापन झालेले नाही. लोकसभेच्या ५४३ सदस्यांमध्ये सिल्व्हासाच्या मतदारांनी निवडलेला सदस्य एकटाच असतो. त्यास बोलण्याची संधी केव्हा व किती मिळावी, हे सभागृहाच्या अध्यक्षांच्या हाती असते. म्हणूनच अध्यक्षांची निवड कशी होते, हे येथील नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

निवडीची पद्धत

संविधानाच्या अनुच्छेद ९३ नुसार लोकसभा आपल्या सदस्यांतूनच अध्यक्ष निवडते. अध्यक्ष एरवी मतदान करीत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली, तरच ते निर्णायक मत देतात. त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावास १४ दिवसांची पूर्वसूचना लागते आणि तो ठराव विचाराधीन असताना त्यांना अध्यक्षस्थानी बसता येत नाही.

मावळंकरांचे उदाहरण

या पदाची घडी ज्यांनी बसविली, ते गणेश वासुदेव मावळंकर होत. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. वकिलीनिमित्त ते अहमदाबादेस स्थायिक झाले व तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले, तेव्हा सर कावसजी जहांगीर यांच्यावर त्यांनी अवघ्या तीन मतांनी विजय मिळविला.

पहिल्या लोकसभेत, १५ मे १९५२ रोजी, त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे नेते शंकरराव मोरे यांचे नाव सुचविण्यात आले. मावळंकरांना ३९४, तर मोरे यांना ५५ मते पडली. काँग्रेसचे निवडून आलेले सदस्य ३६४ होते. याचा अर्थ, पक्षाबाहेरील सदस्यांचाही विश्वास त्यांनी संपादन केला होता. पंधरा वर्षांच्या अनुभवाचे हे फळ होय.

असे असूनही त्यांच्यावर टीका झालीच. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधी सदस्यांनी त्यांना दूर करण्याचा ठराव मांडला. त्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार अध्यक्षस्थानी होते. ठराव फेटाळला गेला. परंतु सर्वोच्च आसनावरील व्यक्तीलाही सभागृहापुढे उत्तरदायी राहावे लागते, हे त्यायोगे सिद्ध झाले. संसदेस डावलून वारंवार अध्यादेश काढण्याची प्रथा योग्य नाही, असे मावळंकरांनी पंतप्रधान नेहरूंनाही लेखी कळविले होते. ज्या पक्षातून ते निवडून आले, त्याच पक्षाच्या सरकारला त्यांनी ही जाणीव दिली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

बोध

दीर्घ अनुभव हा या पदाच्या उमेदवाराचा मोठा गुण खरा. पण तो पुरेसा नाही. बहुमताने आसन मिळते, त्याचा मान मात्र अल्पमतात असलेल्यांच्या विश्वासावर टिकतो. मोठ्या पक्षाच्या सदस्यास आपले म्हणणे मांडण्यास सहकारी असतात. एकट्या सदस्यास अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणाचाच आधार असतो.

हेच तत्त्व गावपातळीवरही लागू पडते. ग्रामसभेत अध्यक्षस्थानी बसणाऱ्या व्यक्तीने दूरच्या पाड्यावरून आलेल्या एकट्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि ते कार्यवृत्तात नोंदवावे. शिक्षकांनी शाळेत विद्यार्थ्यांची सभा भरवून अध्यक्ष निवडावा आणि ज्यांनी त्याला मत दिले नाही, त्यांना प्रथम बोलू द्यावे. लोकशाहीचा हा पाठ मुलांच्या मनात त्यामुळे पक्का रुजेल.