काखेची सोनोग्राफी कशाला?

प्रश्न : आईला (वय 58) स्तनाचा कर्करोग आहे. काखेत हाताला काहीच लागत नाही, तरी सोनोग्राफी सांगितली आहे. गरज आहे का?

उत्तर : हो, करून घ्याच. काखेतल्या, हाताला न लागणाऱ्या लसिकाग्रंथीतही रोग असू शकतो. निरोगी लसिकाग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते. कड पातळ, मध्ये चरबीचा पांढरा भाग. कड 3 मिलिमीटरहून जाड दिसली किंवा पांढरा भाग नाहीसा झाला, की सुईने नमुना घेतात. आईला सांगा, सुईने रोग पसरत नाही. नमुन्यात रोग निघाला, तर अनेकदा आधी केमोथेरपी देतात. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी शस्त्रक्रियेत बहुधा निळा रंग टोचून, रोग आधी जिथे पोहोचतो त्या पहिल्या ग्रंथी शोधतात, तपासतात. त्या निरोगी निघाल्या, तर सगळी काख साफ करावी लागत नाही आणि पुढे हात सुजण्याचा धोकाही बराच कमी होतो.