जिनेव्हाचे मत आणि जयपूरचा दाखला

३० जून २०१६ रोजी जिनेव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे एक ठराव मतास टाकण्यात आला. लैंगिक कल अथवा लिंगभाव यांवरून होणारी हिंसा व भेदभाव यांची पाहणी करण्यासाठी एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा, अशी त्यातील मागणी होती. अनुकूल २३, प्रतिकूल १८ आणि तटस्थ ६ अशी मतांची विभागणी झाली. तटस्थांमध्ये भारत होता. आदल्या वर्षी तर, समलिंगी जोडीदार असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलती काढून घेण्याच्या रशियन प्रस्तावाला भारताने अनुकूल मत दिले होते. तो प्रस्ताव ४३ विरुद्ध ८० मतांनी फेटाळला गेला.

देशातील न्यायालयांची वाट मात्र वेगळी होती. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरी जमलेल्या विधिज्ञांनी या विषयावरील तत्त्वे तयार केली होती. ती म्हणजे काही राष्ट्राराष्ट्रांतील करार नव्हे. कोणत्याही सरकारवर ती बंधनकारक नव्हती. तरीही १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा आधार घेतला आणि तृतीयपंथी व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार आहे, असे सांगितले. परिषदेच्या सभागृहात जे सरकारला मान्य करवत नव्हते, ते अशा रीतीने न्यायदानाच्या मार्गाने देशात आले.

राजस्थानात त्याचा प्रत्यय लवकरच आला. जालोर जिल्ह्यातील गंगाकुमारी हिची २०१३ च्या पोलीस भरतीत निवड झाली होती. परंतु वैद्यकीय तपासणीत ती तृतीयपंथी असल्याचे दिसून येताच तिची नेमणूक अडली. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालाच्या आधारे सहा आठवड्यांत तिला नेमणूक देण्याचा आदेश दिला. चार वर्षे वाया गेली ती गेलीच.

शासनाचे मन मात्र एका दिशेने चालत नाही. समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असता, केंद्राने विचारणा केल्यावरून जयपूरहून राज्य सरकारने विरोध कळविला. ही गोष्ट मे २०२३ मध्ये न्यायालयास सांगण्यात आली. नंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्याच जयपुरात महानगरपालिकेने एका व्यक्तीला लिंगाच्या रकान्यात ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असलेला जन्मदाखला दिला. राजस्थानातील असा हा पहिलाच दाखला म्हणून त्याची वार्ता झाली.

पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. तृतीयपंथी व्यक्तीने भिन्नलिंगी जोडीदाराशी केलेला विवाह मात्र प्रचलित कायद्यांत बसतो, असे त्याच निकालात म्हटले आहे. ज्याच्या दाखल्यावर पुरुष किंवा स्त्री यांपैकी एकही शब्द नाही, त्याचा भिन्नलिंगी जोडीदार कोणास म्हणावे, हा प्रश्न जयपूरच्या त्या दाखल्याबरोबरच उभा राहतो.