बदली तासांची वही काढ आधी

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, यंदा चौघी शिक्षिका शाळा सोडून गेल्या. पगार परवडत नाही म्हणाल्या, दुसरं काय!" तू घाईत होतीस म्हणून मी नुसतं हं म्हटलं. पण पगार हे उत्तर फार सोयीचं असतं गं. जाणारीला सोयीचं, कारण त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. आणि संस्थेलाही सोयीचं, कारण मग 'आपल्या हातात काय आहे' म्हणून मोकळं होता येतं.

पगाराचं कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हे कुठल्या शाळांत चालतं ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. पण जरा बघ, तुझी ती विज्ञानाची मुलगी कुठे गेली? सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं आणि जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून गेली. तिथे पहिली तीन वर्षं मानधनच. २०२३ साली वाढवलं तेव्हा कुठे प्राथमिकला ₹१६,००० झालं, त्याआधी ₹६,००० होतं. म्हणजे तुझ्याकडे मिळत होतं त्याहून फार काही जास्त नाही, शिवाय गाव लांबचं, एसटी दिवसातून दोनदा. तरी गेली. का? तर तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळणार हे तिला आजच माहीत आहे. तुझ्या शाळेत पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही, हेही तिला कुणी सांगत नव्हतं.

आता एक काम कर. बदली तासांची वही काढ. तीच, जी पहिल्या तासाला मावशी वर्गावर्गातून फिरवतात. कोण गैरहजर, कितवा तास, कुठली तुकडी, कुणी जायचं, आणि शेवटच्या रकान्यात दाराशी उभ्याउभ्या मारलेली सही. जून ते मार्च सगळी पानं चाळ आणि कुणाचं नाव किती वेळा आलंय ते पेन्सिलीनं मांड. गेलेल्या चौघींपैकी निदान तिघी वरच्या पाचात निघतील, लाव पैज! नवी वही सुरू केली तरी पर्यवेक्षकांचा हात सवयीनं तिथेच जातो, जी नाही म्हणत नाही तिच्या नावावर. जुन्या बाईंना आठवड्यात तिसरा बदली तास लागला की त्या ऑफिसात येऊन उभ्या राहतात. नवी मुलगी वही वाचते, सही करते आणि सातवी 'ड'कडे चालायला लागते. तिचा तपासायचा गठ्ठा टेबलावर तसाच. मग तो पिशवीतून घरी, आणि घरी सगळं आवरल्यावर रात्री अकराला लाल पेन उघडायचं.

यावर उपाय करायला संस्थेचा ठराव लागत नाही. आठवड्याला एकीला दोनच बदली तास, असं भिंतीवर लावून टाक. तिसरा लागला तर तो तुझा. हो, तुझाच! मुख्याध्यापिका खडू घेऊन पाचवीच्या वर्गात शिरते हे शिक्षक खोलीत दिसलं की निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

नव्या मुलींचं तर आपण अगदी हसू करून ठेवलंय. नवी म्हणून सगळ्यात दंगेखोर तुकडी तिला. नवी म्हणून स्नेहसंमेलनाचे नाच तिला, फलकलेखन तिला, सहलीच्या बसमधली मागची बाजू तिला. मग दिवाळीपर्यंत तिचा घसा बसतो आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींत दम नाही. अगं, दवाखान्यात नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड ऑपरेशन देतात का? पहिलं वर्ष तिला बऱ्यापैकी शांत तुकडी दे. एक जुनी बाई तिच्या जोडीला लाव, आणि त्या जुन्या बाईचा एक तास त्यासाठी खरोखर कमी कर, नाहीतर ती जोडी फक्त कागदावर राहील. आणि तिच्या वर्गात निरीक्षणाला जाशील तेव्हा शेरा लिहिण्याआधी तिला विचार, तास कसा झाला असं तुला वाटतं. बाकी सगळं ती आपणहून सांगते.

पालकांचं सांगते. तुझ्याकडे मागे एका आईनं केबिनमध्ये येऊन आवाज चढवला, आणि तू गणिताच्या मॅडमना तिच्यासमोरच बोलावून खुलासा मागितलास. तू मनानं वाईट नाहीस, तुला तेव्हा प्रकरण मिटवायचं होतं. पण मॅडम त्या दिवशीच गेल्या, राजीनामा फक्त एप्रिलमध्ये आला. पालकाचं आधी तू एकटीनं ऐक. मग बाईंशी एकटीनं बोल. चूक असेल तर दार लावून खडसाव, माझी हरकत नाही. पालकांचे ते व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत ना, त्यांतून वर्गशिक्षिकांचे खासगी नंबर काढ. शाळेचा एक फोन, एक वेळ, संध्याकाळी सहानंतर उत्तर नाही. आठ दिवस आरडाओरडा होईल, मग होते सवय.

तुला वाटेल, ताई सरकारी नोकरीत बसून हे बोलते. आमच्याकडे सगळं छान आहे असं कुठे म्हणतेय मी? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. पण बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणं निवडणुकीतच मोडतं, आणि युडायसची शाळेची माहिती, मुलांचे अपार क्रमांक, पोषण आहाराचे आकडे हे सगळं शाळेचंच काम ठरतं. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. तेव्हापासून वीस वर्षं सेवा झालेल्या बायका मधल्या सुट्टीत स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडत बसतात. आमच्याकडची माणसं राजीनामा देत नाहीत, एवढंच. हजेरीपटावर असतात आणि मनातून कधीच गेलेली असतात. ते मला जास्त भयंकर वाटतं.

तुझ्या हातात नाही असंही बरंच आहे, पण संस्थेच्या सचिवांच्या कानावर घालणं तुझ्या हातात आहे. 'शिक्षकांवर अन्याय होतो' म्हणून गेलीस तर ते चहा पाजून परत पाठवतील. दहावीच्या वर्गानं एका वर्षात गणिताचे किती चेहरे पाहिले आणि त्यातून किती पालकांनी दाखला मागितला, ते मांड. जाहिरात, मुलाखती, नव्या मुलीला घडवण्यात गेलेले महिने, सगळं लिहून ने. मग सांग, वाढ थोडी द्या पण ठरलेली द्या, आणि पगाराची तारीख हलवू नका.

ग्रॅच्युइटीचंही बोल. खासगी शाळेतल्या शिक्षकांनाही ती लागू आहे. २००९ मध्ये कायदा बदलला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. कायम नेमणूक असेल तर पाच वर्षं सलग सेवा झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तुझ्याकडच्या किती जणींना हे माहीत आहे? चौथ्या वर्षी जायला निघालेली बाई हे कळल्यावर थांबून विचार करते. आणि पाच वर्षं भरायच्या आत माणूस बदलायचा, असा हिशेब कुणी करत असेल तर त्या कागदावर तुझी सही नको.

बाळंतपणाला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा हा शिक्षिकेचा हक्क आहे. "आत्ता राजीनामा दे, नंतर परत घेऊ" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस. ती परत येईल तेव्हा पहिले काही महिने तिला पहिला तास देऊ नको, बाळ सकाळी सोडत नाही. स्टाफ पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर पाळणाघराची सोयही कायद्यानंच करावी लागते.

आणि ते लोखंडी कपाट! त्यात बायकांची मूळ बीएडची प्रमाणपत्रं ठेवलीयत ना? परत कर, उद्याच. कागद अडकवून ठेवलेली बाई शाळेत राहते ती फक्त दुसरी नोकरी मिळेपर्यंत. नेमणुकीच्या वेळीच तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ते कागद फाडून टाक. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचं कलम ७ वाच. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. एवढा बारकावा लिहायची वेळ तेव्हाच का आली असेल, तूच बघ.

जायचं की राहायचं हे बायका दिवाळीच्या सुट्टीत ठरवतात आणि सांगतात एप्रिलमध्ये. तेव्हा विचारपूस करून काय उपयोग? यंदा सहामाहीच्या पेपर तपासणीआधीच एकेकीला बोलाव. पुढच्या वर्षी कुठला वर्ग हवा, काय नकोसं झालंय, एवढंच विचार. समोर वही ठेवू नको, नाहीतर ती मेमो समजेल.

तरी काही जणी जाणारच. नवऱ्याची बदली, पोर्टलवर नाव, क्लासवाल्यांनी दिलेला जास्तीचा पगार. त्यांना अडवू नकोस. अनुभवाचा दाखला आणि शेवटचा पगार त्याच आठवड्यात हातात दे. तुझी ती विज्ञानाची मुलगी अजून दाखल्यासाठी फोन करतेय म्हणे. तो आधी पाठव.