स्मृतीची शिष्यवृत्ती

पाठपरिचय

दिवंगत व्यक्तीच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या तुम्हांला ठाऊक असतील. अर्ज भरताना आपण रक्कम आणि अटी पाहतो. त्या नावामागील आयुष्याची चौकशी सहसा करीत नाही. प्रस्तुत पाठात एका पत्रकाराच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या शिष्यवृत्त्यांची ओळख करून घेऊ आणि खरे स्मारक कशाला म्हणावे, याचा विचार करू.

पाठ

डॅनियल पर्ल यांचा जन्म १९६३ साली अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी १९८५ मध्ये घेतल्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बर्कशायर या भागात छोट्या स्थानिक वृत्तपत्रांतून उमेदवारी केली. १९९० मध्ये ते ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकात दाखल झाले. ते व्हायोलिनही वाजवीत. २००० साली या दैनिकाचे दक्षिण आशियातील प्रमुख वार्ताहर म्हणून ते मुंबईत राहावयास आले.

जानेवारी २००२ मध्ये एका बातमीचा माग काढीत ते कराचीत पोहोचले. २३ जानेवारीला मुलाखतीचे आमिष दाखवून त्यांचे अपहरण करण्यात आले आणि नंतर त्यांची निर्घृण हत्या झाली. त्या वेळी ते अवघे ३८ वर्षांचे होते. त्यांच्या मुलाने पित्याचे मुख कधीच पाहिले नाही. त्याचा जन्म त्याच वर्षी मे महिन्यात झाला.

अशा आघाताने आईवडिलांच्या मनात सूडाची भावना पेटली असती, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु जुडिया आणि रूथ पर्ल यांनी वेगळी वाट धरली. २००२ मध्येच त्यांनी मुलाच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले. पत्रकारिता, संगीत आणि संवाद यांच्या द्वारे परस्परांविषयीचा द्वेष कमी करणे, हे त्याचे ध्येय ठरले.

पर्ल यांच्या स्मरणार्थ शिक्षणाच्या संधीही निर्माण झाल्या. ज्या बर्कशायरमध्ये त्यांनी उमेदवारी केली, तेथील शाळांतून बाहेर पडून पत्रकारितेच्या किंवा संगीताच्या उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या परदेशांतील कार्यालयांत काम शिकण्याची संधी देणारा उपक्रम आरंभिला गेला. याखेरीज अन्य देशांतील पत्रकारांना अमेरिकी वृत्तपत्रांत काही महिने काम करता यावे, म्हणून अभ्यासवृत्ती देण्यात आली. ज्या देशात पर्ल यांचा बळी गेला, त्या पाकिस्तानातील पत्रकारांनाही ती मिळाली. अपराध्यांचा दोष त्यांच्या देशबांधवांच्या माथी मारायचा नाही, हा विवेक त्यात दिसतो.

पत्रकारिता केवळ वर्गात बसून येत नाही. घटनास्थळी जावे लागते, अनोळखी माणसांशी बोलावे लागते, ऐकलेले पुन्हा पडताळून पाहावे लागते. या शिकाऊ काळात प्राप्ती अल्प आणि खर्च मात्र अधिक असतो. त्यामुळे लेखणीत बळ असूनही अनेक गरजू तरुण मागे राहतात. शिष्यवृत्ती त्यांना हा आरंभीचा काळ निभावून नेण्यास हात देते.

पुतळा आपल्याला दिवंगताचे रूप दाखवितो. शिष्यवृत्ती त्याचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपविते. म्हणूनच ती स्वीकारणाऱ्यावर एक ऋण असते. हे ऋण पैशाने फिटत नाही. सत्य शोधून ते निर्भयपणे लिहिण्यानेच फिटते.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्याचा आरंभीचा काळ
आमिष – लालूच
प्रतिष्ठान – विशिष्ट कार्यासाठी स्थापलेली संस्था
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी

स्वाध्याय

१. पर्ल यांच्या आईवडिलांनी कोणती ‘वेगळी वाट’ धरली? तुमच्या शब्दांत लिहा.
२. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीची गरज का भासते?
३. ‘ऋण फिटणे’ व ‘हात देणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या स्मृती-शिष्यवृत्तीची माहिती मिळवा आणि ज्या व्यक्तीच्या नावाने ती दिली जाते, तिच्याविषयी दहा ओळी लिहा.