गोल्डफिशच्या टाकीचा तळ: किती किलो, किती रुपये

टाकी, फिल्टर, दिवा यांचे भाव आपण घासाघीस करून घेतो. मग दुकानदार ‘खाली टाकायला’ म्हणून रंगीत खड्यांच्या पुड्या बांधतो आणि बिल फुगतं. शिवाय गोल्डफिशसाठी नेमके हेच खडे गैरसोयीचे. हा मासा दिवसभर तळ उकरतो, तोंडात भरून चाळतो आणि नको ते थुंकून टाकतो. बारीक वाळू तोंडातून, कल्ल्यांतून सहज बाहेर पडते. वाटाण्याएवढा खडा घशात अडकू शकतो. म्हणून एकतर बारीक वाळू घ्या, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गुळगुळीत गोटे.

किती लागेल ते आधी काढा. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, हजाराने भागा. हे झाले लिटर. त्याला १.६ने गुणलं की साधारण किलो मिळतात. तीन फूट बाय सव्वा फूट टाकीत ३ सेंटिमीटर वाळूला १६-१७ किलो पुरतात. त्याहून जाड थर नको, खाली घाण कुजते.

आता भाव. दुकानागणिक ते बदलतात, पण अंदाजासाठी एक किलोच्या रंगीत पुडीला पन्नास रुपये धरले, तर एवढ्याच वजनाचे आठशे-साडेआठशे होतात. जलतरण तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू किलोला वीस धरली तर साडेतीनशेच्या आत भागतं. मात्र ती बहुधा गोणीनेच मिळते. २५ किलोंचे पाचशे मोजावे लागतील. उरलेली शेजाऱ्याच्या टाकीला द्या. झाडांसाठीची महागडी माती तर घेऊच नका. गोल्डफिश ती उकरून पाण्याचा चिखल करतो.

फुकटच्या वाळूचा मोह होतोच. बांधकामावर हल्ली बरीचशी वाळू दगड फोडून केलेली असते. तिच्या धारदार कडा माशाचं तोंड सोलतात. समुद्राची वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि तिच्यात मीठ-शिंपले असतात ते वेगळंच. नदीची गोल कणांची वाळू मिळाली तर चाळून, पाणी नितळ होईपर्यंत धुवा. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, पाणी जड होईल.

एक अडचण मात्र पैशांपलीकडची: खड्यांखाली बसवायचा फिल्टर असेल तर वाळू चालत नाही, त्याच्या जाळ्या तुंबतात. वाळू घ्यायची तर वेगळा फिल्टर हवा, आणि त्याचा पाइप तळापासून चार बोटं वर ठेवा, नाहीतर मोटर झिजते.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी तळ मोकळाच ठेवा. दिसायला ओकाबोका, पण खर्च शून्य, आणि विष्ठा नळीने दोन मिनिटांत ओढून निघते. जुन्या टाकीतले खडे काढणार असाल तर एकदम उपसू नका. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यांच्यावरच वसलेले असतात; दर आठवड्याला पाव हिस्सा काढा आणि तोवर खाणं कमी टाका.